कायोटीच्या स्पर्धेसाठी कॅलिबर : सप्टेंबर ते फेब्रुवारीच्या नोंदी

14 सप्टेंबर 2025

शिकारीतल्या जोडीदाराने नाव नोंदवून टाकलं, त्यामुळे आता पळवाट नाही. जानेवारीच्या शेवटी दक्षिण वायोमिंगमध्ये दोघादोघांच्या जोड्यांची कायोटी (कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) मारण्याची स्पर्धा आहे. दोन दिवस, फक्त उजेडात. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला सावजं घेऊन मोजणीला हजर व्हायचं, उशीर झाला की बाद. नियमांचा कागद वाचला तर कॅलिबरवर, म्हणजे रायफल कोणत्या काडतुसाची असावी यावर, कसलंच बंधन नाही. म्हणजे सगळी डोकेफोड आपल्यालाच करायची.

मी राहतो फोर्ट कॉलिन्सला. कोलोरॅडोत 2020 पासून अशा स्पर्धांना बंदी आहे. कॅलिफोर्नियाने 2014 मध्ये सुरुवात केली, मग न्यू मेक्सिको, ॲरिझोना, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क अशी यादी वाढत गेली. वायोमिंगमध्ये मात्र कायोटी उपद्रवी प्राण्यांच्या वर्गात मोडतो. त्याला ना मोसम, ना लायसन्स. स्पर्धांमुळे कायोटी कमी होतात, असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. जागा रिकामी झाली की शेजारचे येऊन बसतात. मी जातो ते शिकारीसाठी आणि त्या माळासाठी. ज्यांना हा प्रकार पटत नाही त्यांच्याशी वाद घालायला ही वही नाही.

घरात आहे ती .223 रेमिंग्टनची एआर-15, आपोआप पुढचं काडतूस भरणारी, 16 इंची नळीची. जोडीदाराकडे .243 विंचेस्टरची बोल्ट रायफल, दर बाराला हाताने खेचायची. प्रश्न एवढाच, की यांवर भागतं की तिसरं काही घ्यायचं.

28 सप्टेंबर

आधी आहे त्याची मोजदाद. .223 च्या 55 ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीच्या डब्यावर सेकंदाला 3240 फूट असा वेग छापलेला आहे. तो लांब चाचणी-नळीतला. माझ्या 16 इंची नळीतून क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) सरासरी 2980 च्या आसपास आली. अडीचशे फूट तिथेच गेले. कोणतंही कोष्टक वाचण्याआधी आपल्या नळीचा वेग मोजा. डब्यावरचा आकडा धरून केलेलं गणित वाऱ्यात उघडं पडतं.

कायोटी दिसतो त्यापेक्षा लहान असतो. पश्चिमेकडचा पंचवीस-पस्तीस पौंडांचा. हिवाळ्यात फर फुगलेली असते म्हणून अंगाने भरलेला वाटतो, पण काळीज-फुप्फुसांची जागा जेमतेम चार-पाच इंचांची. त्याला लोळवायला फार ताकद लागत नाही, .223 पुरून उरते. अडचण गोळी त्या चार इंचांत पोचवण्याची आहे.

11 ऑक्टोबर

वाऱ्याचं गणित घेऊन बसलो. समुद्रसपाटीची हवा, 300 यार्ड, ताशी 10 मैलांचा आडवा वारा, गोळी किती इंच बाजूला सरकते त्याचे ढोबळ आकडे:

.223, 55 ग्रेन, डब्यावरच्या वेगाने : 11 इंच. माझ्या आखूड नळीतून : 12.
.22-250 रेमिंग्टन, तीच 55 ग्रेनची गोळी, 3680 च्या वेगाने : 9.
.243, 58 ग्रेन, 3750 च्या वेगाने : 9.
.204 रुगर, 40 ग्रेन, 3900 च्या वेगाने : साडेसात.

दक्षिण वायोमिंगमधलं रॉक स्प्रिंग्ज सव्वासहा हजार फुटांवर आहे, हवा विरळ, त्यामुळे तिथे यातून पाचवा हिस्सा वजा होतो. पण तिथला वारा 10 मैलांवर थांबत नाही. तिथून जाणाऱ्या आय-80 महामार्गावर रॉलिन्सच्या अलीकडे-पलीकडे हिवाळ्यात रिकामे ट्रक आडवे झालेले ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. 20 मैल धरला तर माझी एआर 300 यार्डांवर दीड फुटाहून जास्त सरकते. .22-250 सव्वा फूट. फरक साडेचार इंचांचा, म्हणजे एका काळजाएवढा.

.204 चे आकडे बघून जीव तिकडे ओढला. 2004 साली आलेलं कॅलिबर, .222 रेमिंग्टन मॅग्नमच्या पुंगळीवर बेतलेलं. झटका जवळपास नाही, गोळी लागताना स्कोपमधून (रायफलवरच्या दुर्बिणीतून) स्वतःला दिसते.

18 ऑक्टोबर

क्लबातल्या एकाने .204 वापरून बघायला दिली. कागदावर अप्रतिम. नेम 200 यार्डांवर बरोबर बसेल असा स्कोप बांधला तर 300 ला चार-सव्वाचार इंचच पडते. पण मालकानेच दोन गोष्टी सांगून जमिनीवर आणलं. पहिली, 32 ग्रेनची गोळी तिरक्या उभ्या कायोटीच्या खांद्यावर लागली की कधीकधी वरच्यावर फुटते. जनावर किंचाळून उठतं, पळतं, हाती लागत नाही. म्हणून तो 40 ग्रेनखाली जात नाही. दुसरी, आमच्या भागात दुकानात काडतुसं नेमाने मिळत नाहीत. मी तीन दुकानं फिरलो. एकात फक्त 32 ग्रेन, दुसऱ्यात मांडणीवर नुसतं किमतीचं लेबल, तिसऱ्याने ऑर्डर देऊन ठेवा म्हटलं. स्पर्धेच्या आदल्या रात्री डबा विसरला तर .223 कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळेल, .204 साठी देव पाण्यात ठेवावे लागतील.

काट मारली. हळहळलो, पण मारली.

25 ऑक्टोबर

जोडीदाराची .243. 1955 पासूनचं कॅलिबर, हरणालाही चालतं, गोळ्या सगळीकडे मिळतात, वाऱ्यात 87 ग्रेनची गोळी बाकी सगळ्यांना मागे टाकते. फक्त बार काढला की स्कोपमधलं चित्र उडतं. परत डोळा लावून सावज शोधेपर्यंत सेकंद-दोन सेकंद जातात. हरणाला चालून जातं. इथे नाही. जानेवारी-फेब्रुवारी हा कायोटींच्या जोडी जमवण्याचा काळ, हाळीला (सावजाला बोलावायला वाजवलेल्या आवाजाला) बरेचदा दोघं येतात, कधी तिघं. पहिल्याला काय झालं हे न कळता दुसऱ्याकडे वळायचं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावला तर झटका कमी होईल, पण शेजारी चार हातांवर बसलेल्या माणसाचे कान जातील. त्याने स्वतःच नको म्हटलं.

.243 कातड्याचं वाटोळं करते हेही ऐकवतात. भोक मोठं पडतं हे खरं. पण कॅनडा गूज या कोटवाल्या कंपनीने फर सोडायची ठरवली तेव्हाच कातड्याचा धंदा उतरणीला लागला होता. भोक शिवत बसायला आता भाव कुठे आहे?

1 नोव्हेंबर

.22-250 घेतली. जुनी, बोल्टची, 24 इंची नळी, दस्त्याला एका जागी टवका, 425 डॉलर. कोलोरॅडोत 1 ऑक्टोबर 2023 पासून तीन दिवस थांबल्याशिवाय बंदूक हातात देत नाहीत. त्यात एप्रिलपासून बंदुका-काडतुसांच्या विक्रीवर साडेसहा टक्के वेगळा कर आला आहे. दुकानदार तो स्वतःच्या खिशातून भरत नाही. पैसे मोजताना हे धरा.

ग्रीलीहून एका ओळखीच्या पोराचा फोन आला होता. मूळचा नगरचा, एच-1बी वर आहे.

"दादा, मला घेता येते का हो? ऑफिसात म्हणतात व्हिसावाल्यांना सरसकट बंदी आहे."

"बंदी आहे, पण सरसकट नाही. तुझ्याकडे राज्याचं चालू शिकार लायसन्स असेल तर केंद्राच्या कायद्यातली सवलत मिळते. बंदूक घेताना भरायच्या 4473 फॉर्मवर तसं लिहावं लागतं, लायसन्स दाखवावं लागतं."

"पण वायोमिंगला कायोटीला लायसन्स लागत नाही म्हणालात ना?"

"मारायला लागत नाही रे. घ्यायला आणि जवळ बाळगायला तुला लागतं. आणि ते संपू द्यायचं नाही. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स कर, त्या कार्डाशिवाय इथे लायसन्स देत नाहीत. आणि दुकानात जायच्या आधी तुमच्या वकिलाला एक ईमेल टाक."

ग्रीनकार्डवाल्यांना ही भानगड नाही.

8 नोव्हेंबर

वाऱ्यावर मात करायला .22-250 मधून जड गोळी सोडून बघू म्हणून 69 ग्रेनचा एक डबा आणला. 100 यार्डांवर कागद लावला. जवळ जाऊन बघतो तर गोल भोकं नाहीतच. गोळी आडवी होऊन घुसली होती. एका भोकाची अख्खी बाजूची आकृती उमटली होती, टोकापासून बुडापर्यंत, कडेला करडा डाग. दोन गोळ्यांनी कागदच चुकवला.

नळीचा पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा फेरा, मोजला. रीत सोपी आहे. रायफल रिकामी केली, तिची दोनदा खात्री केली, साफ करायच्या काठीला घट्ट चिंधी लावून नळीत घातली, काठीच्या वरच्या बाजूला पेनाने खूण केली आणि नळीच्या तोंडाशी चिकटपट्टीचा झेंडा लावला. काठी ढकलत गेलो. खूण एक पूर्ण फेरा फिरून परत वर आली तेव्हा काठी 14 इंच सरकली होती. काठीची मूठ मोकळी फिरणारी असली पाहिजे, नाहीतर मोजमाप चुकतं.

14 इंचांत एक फेरा हा .22-250 चा जुना, ठरलेला पीळ. 55 ग्रेनपर्यंत झकास, त्यापुढे गोळी लांब होते आणि तेवढ्या फिरकीवर सरळ राहत नाही. माझ्या .223 ला 8 इंचांत एक फेरा आहे, तीच 69 ग्रेनची गोळी ती मजेत सोडते. वापरलेली .22-250 घेणाऱ्यांनी दुकानातच पीळ विचारावा. दुकानदाराला माहीत नसेल तर काठी मागावी.

नवी, 8 इंची पिळाची नळी बसवून घ्यायचा दर काढला. कामासकट 800 डॉलरच्या वर आणि हातात मार्चमध्ये. बोलणंच संपलं.

22 नोव्हेंबर

प्रत्यक्ष माळावर, सरावाला. कॅलिबरच्या चर्चेत जमिनीचा विषय कुणी काढत नाही, म्हणून इथे सविस्तर.

आय-80 च्या दोन्ही बाजूंचा हा मुलूख नकाशावर बुद्धिबळाच्या पटासारखा आहे. युनियन पॅसिफिक रेल्वेला एकाआड एक चौकोन दिले गेले, मैल बाय मैलाचे; उरलेले सरकारी राहिले. आज त्यातले कित्येक खाजगी, कित्येक बीएलएमचे, म्हणजे केंद्राच्या जमीन खात्याचे. सरकारी चौकोनाच्या कोपऱ्यावरून शेजारच्या सरकारी चौकोनात पाय टाकणं घुसखोरी ठरवता येत नाही, असा निकाल दहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाने मार्चमध्ये दिला आणि गेल्या महिन्यात सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायलाच नकार दिला. म्हणजे जायची सोय झाली. पण सावज गोळी खाऊन दोनशे यार्ड पळालं आणि खाजगी चौकोनात जाऊन पडलं, तर मालकाच्या परवानगीशिवाय ते उचलता येत नाही. फोनवर हद्दीची रेघ दिसत असते, पलीकडे कायोटी पडलेला दिसत असतो. मोजणीत तो शून्य.

म्हणून उभ्या जागी लोळवणारी गोळी हवी. .22-250 ने 55 ग्रेनच्या फुटणाऱ्या गोळीने ते केलं: 180 यार्ड, समोरून छातीत, पाय आखडले आणि जागेवर खाली. एआरने सकाळी मारलेला शंभरेक यार्डांवरचा एक मात्र साठ-सत्तर यार्ड धावून झुडपात पडला. तोही लागला होता नीटच, पण सराव म्हणून मी त्यात साधी तांब्याच्या कवचाची गोळी भरली होती. ती आरपार गेली. स्वस्त म्हणून शिकारीला ती वापरू नये. अर्ध्या डॉलरची बचत आणि जनावराचे हाल.

13 डिसेंबर

काडतुसं मी घरीच भरतो, त्यातल्या दारूचा प्रश्न. .22-250 म्हटलं की जुने लोक एच-380 सांगतात. त्या दारूचं नावच या कॅलिबरमधल्या 38 ग्रेनच्या भरतीवरून पडलं आहे. जोडीदाराकडे होती, म्हणून पुस्तकातल्या मापाने थोडी भरली, आणि थोडी काडतुसं व्हारगेट या दुसऱ्या दारूने. (मापं इथे देत नाही. प्रत्येकाने आपल्या गोळीचं पुस्तक बघावं आणि खालून सुरुवात करावी.) कागदावर दोन्हींच्या भोकांचे झुपके सारखेच, इंचाच्या आत. आता थंडी काय करते ते बघायचं.

3 जानेवारी 2026

रायफल आणि काडतुसं रात्रभर ट्रकच्या मागे ठेवली. सकाळी उणे 21 सेल्सिअस. एच-380 ची भरती शरदातल्या मानाने 90 फुटांनी मंदावली, व्हारगेटची पंचवीसेक फुटांनी. विषय मिटला, स्पर्धेला व्हारगेट.

एआरने वेगळंच नाटक केलं. पहिला बार निघाला, दुसऱ्याला बोल्ट पुरता बंद झाला नाही. तेल घट्ट होऊन काकवीसारखं झालं होतं. घरी आणून बोल्ट आणि त्याचा गाडा सॉल्व्हंटने धुतला, कोरडा केला आणि पातळ कृत्रिम तेलाचे दोन-तीन थेंब फक्त घासणाऱ्या जागी लावले. रात्रभर परत बाहेर ठेवून सकाळी अख्खं मॅगझिन चालवलं, अडली नाही.

सायलेन्सरवरचा 200 डॉलरचा केंद्रीय कर 1 तारखेपासून शून्य झाला. 1934 पासूनचा कर होता. अर्ज मात्र तसाच करायचा, आणि पहिल्याच दिवशी सगळा देश रांगेत. स्पर्धेपर्यंत हाती येणार नाही हे धरूनच चाललोय.

17 जानेवारी

वाटणी ठरली. मी .22-250 घेऊन थोडं उंचावर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. जोडीदार माझी एआर घेऊन हाळीचे आवाज काढणाऱ्या भोंग्याच्या जवळ, कारण दोघांत चपळ तोच. .243 घरी. त्याला ते जड गेलं, आजोबांची रायफल आहे.

कायोटी आवाजाकडे सरळ येत नाही. शेवटच्या टप्प्यात वळसा घालून वाऱ्याखाली जातो, वास घेतो, मग ठरवतो. म्हणून लांबचा बार वाऱ्याखालच्या माणसाच्या वाट्याला येतो आणि भोंग्यावर झेपावणारा जवळच्याच्या. दोघांना एकच कॅलिबर असावं असं वाटत होतं, काडतुसांची अदलाबदल होते म्हणून. दिवसभरात एवढे बार होतच नाहीत की अदलाबदल लागावी.

स्कोप दोन्हीवर सगळ्यात कमी पटीवर ठेवायचा, दूरचं दिसलं तर वाढवायला वेळ मिळतो. उलटं जमत नाही.

25 जानेवारी

स्पर्धा झाली. विजेत्यांच्या निम्म्याच्या आसपास आमची मजल. मोजणीला प्रत्येक सावजाच्या तोंडात आयोजकांनी दिलेला ठोकळा घातलेला असावा लागतो, आधीचं मारून ठेवलेलं कुणी आणू नये म्हणून. अंग ताठरलंय का तेही तपासतात. पहिल्या नंबरवाल्यांना पॉलिग्राफला बसवतात म्हणे. आम्हाला ती काळजी नव्हती.

दोन बार लिहून ठेवण्यासारखे.

शुक्रवारी सकाळी, वारा पडलेला. सशाच्या किंकाळीवर सहाव्या-सातव्या मिनिटाला जोडी आली. नर माझ्या बाजूने वळसा घालत होता, मादी मागे. 210 यार्डांवर तो थांबला, मी बार काढला. स्कोपमधून तो बसताना दिसला, म्हणजे परत तिकडे बघायची गरज उरली नाही. मादी पळत सुटली. जोडीदाराने भोंग्यावर लगेच पिल्लाच्या केकाटण्याचा आवाज लावला. ती 140 यार्डांवर थबकून मागे वळली आणि एआरने तिथेच आटोपलं. दोन्ही सरकारी चौकोनात.

शनिवारी दुपारी, वारा पंचवीसच्या वर, झोत येत-जात. अंतरमापकावर 310. मी सव्वा फूट वाऱ्यात धरून घोडा दाबला. धूळ त्याच्या शेपटीमागे उडाली, वीतभर. वारा मी धरला होता त्याहून जास्त होता, एवढंच. .204 असती तर लागली असती का? आकडे म्हणतात, थोडी जवळ गेली असती. काळजापर्यंत नाही. संध्याकाळी मोजणीच्या रांगेत एकाला विचारलं, त्याच्याकडे साधी .223, लांब नळीची. म्हणाला, अशा वाऱ्यात तो खोलगटात बसतो आणि दीडशे यार्डांच्या पुढे बघतच नाही. ते आमच्याहून वरच्या नंबरावर होते.

8 फेब्रुवारी

खर्च : रायफल 425, जुन्या स्कोपला नवे रिंग आणि बेस 70, गोळ्या-दारू-प्राइमर मिळून 160, विकतच्या .22-250 काडतुसांचे दोन डबे 74, वाया गेलेला 69 ग्रेनचा डबा 38, प्रवेश फी निम्मी 100. डिझेल आणि मोटेल वेगळं. बायकोने बेरीज करून दाखवली आणि विचारलं, "अहो, यात बक्षीस किती आलं?"

ग्रीलीचा पोरगा कोर्स पास झाला. त्याला 22 एआरसी घ्यायची आहे, 2024 ला आलेलं नवं कॅलिबर, एआर-15 मध्ये बसतं, 62 ग्रेनची गोळी 3300 ने सोडतं. आकडे मोहात पाडणारे आहेत. त्याला बोल्ट आणि मॅगझिन वेगळं लागतं, आणि आमच्याकडच्या दुकानात मी अजून त्याचा डबा पाहिलेला नाही. त्याला म्हटलं, पहिलं वर्ष .223 वर काढ, 20 इंची नळी आणि 8 चा पीळ बघून घे. नळीचा वेग मोजून मला पाठव, मग पुढचं बोलू.

माझ्या .22-250 ला नळी बदलायची की नाही ते पुढच्या उन्हाळ्यात. व्हारगेटचा डबा अर्धा शिल्लक आहे, 55 ग्रेनच्या गोळ्याही. सायलेन्सरचा अर्ज अजून 'प्रलंबित' दाखवतोय.